दोनशे पत्रिका

ज्योतिष खरे की थोतांड, यावर वाद घालायला पुण्यात माणूस कधी कमी पडला नाही. कमी पडली ती वादाचा निकाल लावण्याची रीत. ती 2008 साली चौघांनी आखली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर, आणि आधी ज्योतिषी असून पुढे ज्योतिषाचे टीकाकार झालेले प्रकाश घाटपांडे.

समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून फिरले. शिक्षकांनी हुशार म्हणून दाखवलेली शंभर मुले आणि विशेष शाळांतली, बौद्धिक वाढ खुंटलेली शंभर मुले त्यांनी निवडली. पालकांकडून जन्माची तारीख, वेळ आणि ठिकाण घेऊन संगणकावर पत्रिका काढल्या. प्रत्येक पत्रिकेवर नाव नाही, नुसता सांकेतिक क्रमांक. कोणता क्रमांक कोणत्या मुलाचा, ही नोंद विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात बंद. पत्रिका पाठवणाऱ्याला उत्तर माहीत नाही, पाहणाऱ्यालाही नाही. त्यामुळे चेहऱ्यावरून, बोलण्याच्या ओघातून किंवा आईच्या डोळ्यांतल्या काळजीवरून काही ताडण्याची सोयच उरली नाही.

प्रश्नही विचारपूर्वक निवडला होता. ‘विवाहात विलंब संभवतो’, ‘नोकरीत वरिष्ठांशी मतभेद’ असली भाकिते खोटी ठरतील कशी? कुणाचे पटते वरिष्ठांशी? बुद्धी मात्र पत्रिकेवरून कळते असे ज्योतिषीच सांगतात, आणि मूल हुशार आहे की विशेष शाळेत आहे याचे उत्तर हो-नाहीत मिळते. प्रत्येक ज्योतिष्याकडे चाळीस पत्रिका जाणार होत्या. नाणे उडवून उत्तर दिले तरी वीसच्या आसपास बरोबर येणारच, म्हणून पास होण्याची रेषा 28 वर ठेवली. निव्वळ नशिबाने तिथवर पोचण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी.

51 जणांनी तयारी दाखवली, 27 जणांनी उत्तरे पाठवली. त्यांतल्या सर्वोत्तमाला 24 गुण पडले. सत्तावीस जणांना नुसती नाणी उडवायला बसवले असते, तरी 24 किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारे तीन-चार जण निघाले असते असे गणित सांगते. सगळ्यांची सरासरी तर निम्म्याच्याही खाली गेली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासायला घेतल्या होत्या. तिची 102 उत्तरे बरोबर आली. 2009 च्या मार्चमध्ये हा सगळा हिशेब ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. त्याआधी, 1985 साली, शॉन कार्लसन यांनी पाश्चात्त्य ज्योतिष्यांची अशीच चाचणी घेऊन ‘नेचर’मध्ये निष्कर्ष दिले होते. तिथेही ज्योतिषी अंदाजपंचे उत्तरे देणाऱ्यांच्या पुढे गेले नव्हते.

या चाचणीकडे विज्ञानवाद्यांनी बाहेरून केलेला हल्ला म्हणून पाहिले जाते, ते मला पटत नाही. ज्योतिषाच्या एका अंगाने अशी कसोटी पुण्यातच, दीडशे वर्षांपूर्वी, आपखुशीने मानली होती. गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात रचलेल्या ‘ग्रहलाघवा’वर महाराष्ट्रातली पंचांगे चालत. काळ गेला तसे त्यातून काढलेले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळेनासे झाले. गणिताचे प्राध्यापक केरूनाना छत्रे यांनी 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापून युरोपातल्या वेधांवर आधारलेले गणित मराठीत आणले, आणि त्यावरून नवे पंचांगही निघाले. शं. बा. दीक्षितांनी 1896 च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात हा सगळा इतिहास बारकाईने मांडला. भांडणे खूप झाली आणि ती मिटलीही नाहीत. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांतली दिवाळी आजही एखाद्या वर्षी इतरांच्या महिनाभर आधी येते. पण भांडण अयनांशाचे, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची याचे, होते. ग्रहण सांगितलेल्या वेळी दिसले नाही तर गणित सुधारायचे, आकाशाला दोष द्यायचा नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. गणिताला दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना पटणारा पुरावा, हवा. फलिताकडे, म्हणजे भाकिते सांगणाऱ्या अंगाकडे, तो कुणी मागितलाच नव्हता.

फलिताच्या बाजूनेही अनुभवाचीच साक्ष काढली जाते, ही यातली गंमत. ‘हजारो वर्षांच्या अनुभवावर उभे शास्त्र’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. म्हणून खरा प्रश्न असा की अनुभव म्हणायचे कशाला? फ्रान्सिस बेकन याने 1620 मध्ये एक जुनी गोष्ट सांगितली होती. वादळातून वाचलेल्या खलाशांनी देवळात वाहिलेली चित्रे एकाला दाखवली, तर तो म्हणाला, नवस बोलूनही बुडालेल्यांची चित्रे कुठे आहेत? आपल्याकडे नवस फेडायला जी रांग लागते तीत न फळलेल्या नवसाचा माणूस कधी उभा असतो का? दोनशे पत्रिकांच्या चाचणीने ही बुडालेली माणसे मोजली. तिचे सगळ्यात मोठे काम हेच आहे असे मी मानतो.

संशय इथे थांबत नाही, आणि थांबूही नये. डेव्हिड ह्यूम हा स्कॉटिश तत्त्वज्ञ 1739-40 मध्ये मानवी स्वभावावर ग्रंथ लिहिताना विचारून गेला की आजवर घडले तसेच उद्या घडेल, याला पुरावा काय? पुरावा म्हणून पुन्हा आजवरचा अनुभवच पुढे करावा लागतो. चार्वाकांच्या नावावर असलेला आक्षेप याच्या फार जवळचा आहे. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती सर्व काळी, सर्व ठिकाणी कोणी पाहिली? माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलाच मान या चार्वाकांना आहे, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या टीकेसह तो ग्रंथ भांडारकर संस्थेने 1924 साली पुण्यात छापला. या मापाने मोजले तर सत्तावीस जणांच्या चाचणीने ज्योतिष कायमचे खोटे ठरले असे म्हणता येत नाही. एक ठाम दावा एका रीतसर परीक्षेत नापास झाला, एवढेच म्हणता येते. सुधारक आगरकरांचा अज्ञेयवाद याच शिस्तीतला. देव नाहीच असा डंका पिटण्यापेक्षा, जे जाणण्याचे साधन आपल्याकडे नाही त्याच्या नावाने हुकूम सोडू नका, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या सुधारकी विचारांपायी सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली.

चाचणीनंतर ज्योतिष्यांकडची गर्दी ओसरली नाही. ह्यूमला याचे नवल वाटले नसते. श्रद्धा युक्तिवादातून येत नाही, सवयीतून येते, असे त्याचे निदान होते. स्वतःच्या संशयवादाचाही भार त्याला झेपेना, तेव्हा तो मित्रांबरोबर जेवायला आणि सोंगट्या खेळायला बसे. मुलीचे लग्न जमत नाही म्हणून पत्रिका घेऊन निघालेल्या बापाला सरासरी नको असते, त्याला तारीख हवी असते. सुधारकांचे लिखाण या बापाशी क्वचितच बोलते. त्याला हसणे सोपे पडते म्हणून असेल.

20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्याच महिन्यात त्यांनी मागितलेला जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यात काय गुन्हा धरू नये याचीही यादी आहे. ज्योतिष्यांचा, नंदीबैलवाल्या जोशांचा, वास्तुशास्त्राचा आणि जमिनीखालचे पाणी सांगणाऱ्या पाणाड्याचा सल्ला तीत बसतो. ही सूट मला गैर वाटत नाही. चुकीचे मत बाळगणे किंवा सांगणे हा पोलिसांचा विषय नव्हे. पण ही सूट फौजदारीतून आहे, परीक्षेतून नाही. चाचणीची रीत छापील आहे, खर्चही फार नाही. दोनशेच्या जागी दोन हजार पत्रिका घ्या, प्रश्न ज्योतिष्यांनीच निवडावा, पासाची रेषाही त्यांच्याशी बसून ठरवा. फक्त उत्तरे आधी बंद करून तिसऱ्याच्या ताब्यात द्या.