कर्णबधिर लेकराला दया नव्हे, वाटा हवा!

कळमेश्वरच्या एका बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाप एमआयडीसीत कंत्राटी कामगार, आई संत्र्याच्या बागेत मजुरीला. मुलगी जन्मापासून कर्णबधिर. गावच्या शाळेत नाव आहे, पण मागच्या बाकावर बसवून ठेवण्यापलीकडे तिच्यासाठी काही होत नाही. नागपूरला कर्णबधिरांच्या शाळेत घालायचे तर जाण्या-येण्याचा, वह्या-कपड्यांचा खर्च कोण करणार? उपस्थितांनी लगेच खिशात हात घातले. ही आपल्या समाजाची खरी श्रीमंती आहे. पण त्याच वेळी मागून एक आवाज आला, "मागच्या जन्माचं भोगते बिचारी, अन् काय!"

तथागतांच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हे वाक्य बोलले गेले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत मुळापासून नाकारला. आम्ही बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणतो आणि मनातला मनू मात्र तसाच ठेवतो!

वकील म्हणून सांगतो, मनूचा आणि बहिऱ्या माणसाचा संबंध जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरा आणि मुका यांना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाकारला आहे. त्यांना अन्न-वस्त्र द्यावे, पण वाटा देऊ नये, अशी ती व्यवस्था. अकराव्या अध्यायात बहिरेपण हे पापाचे फळ ठरवले आहे. ज्या ग्रंथाने आमच्या कानांवर बंदी घातली, त्यानेच ज्यांना ऐकू येत नाही त्यांचाही हक्क काढून घेतला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, शारीरिक व्यंगामुळे वारसा नाकारण्याची प्रथा बंद करणारा कायदा झाला. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, त्याच्याच तुकड्यांपैकी एक म्हणजे १९५६ चा वारसा कायदा. त्याच्या कलम २८ ने कोणताही रोग, दोष वा व्यंग वारशाच्या आड येणार नाही, असे स्पष्ट केले. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

तेव्हा प्रश्न असा, की आम्ही त्या मुलीला काय देणार? अन्न-वस्त्र की वाटा? कपड्याचा एक जोड, शंभराची नोट आणि वर ‘बिचारी’ हा शब्द, एवढेच देणार असू तर ते मनूच्या चौकटीतच बसते.

तिचा वाटा कायद्याने ठरवून दिला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ नुसार, किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही त्याचीच. सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारी कलम १७ ने शासनावर टाकली आहे. पुढे उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का कर्णबधिरांचा. पण या सगळ्याचे दार उघडते ते प्रमाणपत्राने, आणि या मुलीचे प्रमाणपत्रच काढलेले नव्हते! नऊ वर्षांत तिच्या मायबापांना हे कोणी सांगितले नाही.

म्हणून पालकत्व घेणाऱ्यांनी शासनाची फी भरत बसू नये. ती शासनाकडूनच वसूल करावी. आपला पैसा आणि वेळ लावायचा तो कायदा जिथे पोहोचत नाही तिथे. श्रवण तपासणीसाठी शासकीय रुग्णालयात घालवलेल्या दिवसाची आईची बुडालेली मजुरी, यूडीआयडी कार्डासाठीच्या चकरा, श्रवणयंत्राचे सेल, सुटीत घरी येण्याचे भाडे, हा आपला भाग.

आणखी एक गोष्ट पैशाहून मोठी आहे. कर्णबधिर मूल मुके नसते, त्याला भाषा मिळालेली नसते. भाषा मिळाली नाही तर विचार कोंडतो. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, त्याचा शब्दकोश आज मोबाईलवर पाहता येतो. आई-बाप, भाऊ, शेजारी यांनी रोज पाच खुणा शिकल्या तर त्या घरात मुलगी एकटी राहणार नाही.

अमेरिकेतील अँड्र्यू फॉस्टर हा कृष्णवर्णीय तरुण अकराव्या वर्षी बहिरा झाला. वर्णभेदाच्या अलाबामात त्याच्यासारख्यांना शिक्षणाची दारे लवकरच बंद होत. तो १९५४ साली गॅलॉडेट कॉलेजचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर झाला आणि १९५७ पासून आफ्रिकेत कर्णबधिरांच्या तीसहून अधिक शाळा उभारून गेला. एकाला शिकवले तर तो किती जणांना शिकवतो, याचा हा पुरावा.

आम्हाला तर पुरावा शोधायला दूर जायची गरजच नाही. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव १९१३ साली कोलंबियाला गेले. ती भीक नव्हती, त्यामागे लेखी करार होता. पुढे बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले तेव्हा त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून रक्कम मिळवली. एका राजाच्या औदार्यातून मिळालेली संधी त्यांनी समाजाचा हक्क बनवली. आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातच त्यांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. एका लेकराला भाषा देण्याहून मोठे धम्मकार्य कोणते?

विहारात शेवटी दहा कुटुंबांनी नावे लिहून दिली. वर्गणी ठरली, हिशेबाची वही झाली, प्रमाणपत्राचे काम मी घेतले. एक अटही घातली, की मुलीला चौदा एप्रिलच्या मंचावर उभे करून टाळ्या घ्यायच्या नाहीत आणि दात्यांचे फोटो छापायचे नाहीत. मुदत एक वर्षाची नाही, ती अठरा वर्षांची होईपर्यंतची.

समाजबांधवांनो, आपल्या वस्तीतही असे एखादे लेकरू मागच्या बाकावर बसलेले असेल. त्याला ‘बिचारे’ म्हणू नका. त्याचा वाटा त्याला मिळवून द्या. जयभीम!