शंभरातल्या त्या चौघी कोण?

मंडळी, आजचा विषय घरातून आलाय. माझी धाकटी बहीण अकोल्याला असते. तिला स्तनाचा कर्करोग झाला, पण लवकर सापडला. ऑपरेशन झालं. पुढे केमोथेरपी घ्यावी की नाही, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं पडली. रात्री तिचा फोन आला, "दादा, मले नक्की काय ते सांग!" मी अमरावतीत आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण नक्की काही सांगता येईना. का, ते बघू.

'जिथे धूर तिथे अग्नी' या नियमाला अपवाद नाही, म्हणून समोरच्या डोंगरावरही तो लागू होतो. वैद्यकातले बरेचसे नियम तसे नसतात. मुंबईच्या टाटा मेमोरिअलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 1600 स्त्रियांवर केलेला अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या थोडं आधी गाठीभोवती जागा बधिर करणारं साधं इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी आजार न उलटता हयात असलेल्या, इंजेक्शनविना 82.6 टक्के, इंजेक्शनसह 86.6. म्हणजे शंभरात चौघींचा फायदा. पण त्या चौघी कोण, हे कुणालाच दाखवता येत नाही.

तरी इथे निर्णय सोपा आहे, कारण इंजेक्शन स्वस्त आणि त्रास नगण्य. आता समजा, केमोचाही फायदा शंभरात चौघींनाच आहे. अनिश्चितता तेवढीच, पण निर्णय अवघड! कारण किंमत बदलली: उलट्या, केस, पैसा, नागपूरच्या खेपा. म्हणजे आकडा डॉक्टर सांगतील. तो आपल्याला किती मोलाचा, हे बाईनंच ठरवायचं.

आकडाही आपल्या गटाचाच हवा. 2018 च्या टेलरएक्स चाचणीत संप्रेरकांवर वाढणारा, हर-टू निगेटिव्ह, काखेपर्यंत न पोचलेला कर्करोग होता. जनुकीय तपासणीत मधला गुण आलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांना केमोचा जादा फायदा दिसला नाही. त्याहून तरुण काही जणींना दिसला.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझ्यासारख्या शंभर जणींत, उपचाराविना किती बऱ्या राहतात? उपचारानं किती? आणि विचार करायला मला किती दिवस आहेत?

बहिणीनं काय ठरवलं, ते मुद्दाम सांगत नाही. तिचं उत्तर तुमचं नव्हे. फक्त तिला म्हणालो, "उद्या काहीही झालं, तरी आज समजून घेतलेला निर्णय चुकीचा ठरत नाही, बाई."