मीठ शेवटी

आदिलाबादला मी पहिल्यांदा गेले ती पाडव्याला, मैत्रिणीच्या माहेरी. घरात सकाळपासून पुरणाची धांदल होती. पानं वाढली, ताटाच्या डाव्या बाजूला काकडीची कोशिंबीर आली आणि पहिल्याच घासाला कुरकुर असा आवाज झाला. आमच्या नांदेडच्या घरी कोशिंबीर पानात पडेपर्यंत तिला पाणी सुटलेलं असतं. कोशिंबीर म्हणजे अशीच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मैत्रिणीच्या आईला विचारलं, "मावशी, मीठ कधी टाकलं?"

"तुम्ही पाटावर बसल्यावर," त्या म्हणाल्या आणि पोळी वाढायला पुढे गेल्या.

त्या एका उत्तरासाठी मी मे महिन्यात पुन्हा मुदखेड-किनवटमार्गे आदिलाबादची गाडी धरली.

मे महिन्यातलं आदिलाबाद म्हणजे पारा ४४ च्या पुढे. अकरा वाजले की रस्ते ओस पडतात, म्हणून भाजी सकाळी सातलाच घ्यायची. मावशी बाजारात एका वाक्यात तीन भाषा बोलतात. भाव विचारायचा तेलुगूत, घासाघीस दखनी उर्दूत आणि मनासारखं झालं नाही की स्वतःशी मराठीत. भाजीवाली जुडी पुढे करून म्हणाली, "कोत्तिमीर." मावशी म्हणाल्या, "हा सांबार शिळा हाय." म्हणजे पुण्याच्या कोथिंबिरीला जवळचा शब्द तेलुगू बाईच्या तोंडी आणि मराठी बाईच्या तोंडी वऱ्हाडातला सांबार. मावशींचं माहेर पांढरकवड्याचं, पैनगंगेच्या पलीकडचं. लग्नानंतर नदी ओलांडून आल्या ते सांबार हा शब्द घेऊनच.

काकडी निवडायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. जाड, पिवळट पडलेल्या काकड्यांना हातही लावला नाही. त्यात बिया जून होतात आणि मधला गर पाणचट लागतो. बोटाएवढ्या जाडीच्या, ताठ, वाकवायला गेलं तर कट्कन मोडतील अशा आठ काकड्या घेतल्या. घरी आल्यावर प्रत्येकीचं देठाकडचं टोक कापून चाखून पाहिलं. एक कडू निघाली, ती बाजूला गेली. काकडीत कडूपणा आणणारा अंश देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो आणि उन्हात वेलीला पाणी कमी पडलं की तो वाढतो. मावशींनी हे कुठे वाचलेलं नाही. "मे महिन्यात चाखल्याबिगर टाकाचीच नाही," एवढंच त्या म्हणतात.

मग चोचवणं सुरू झालं. त्यासाठीच मी एवढ्या लांब आले होते, असं आता वाटतं. सोललेली काकडी डाव्या मुठीत उभी धरायची आणि वरच्या तोंडावर सुरीचे उभे घाव घालायचे, टच टच टच. मूठ किंचित फिरवायची, पुन्हा घाव. तोंडाशी बारीक जाळी झाली की आडवी सुरी फिरवायची, की तांदळाएवढे दाणे परातीत पडतात. मावशींची नजर काकडीवर नव्हतीच. त्या माझ्याशी बोलत होत्या आणि आवाजाचा ठेका एकदाही चुकला नाही. किसणी पुढे केली तर म्हणाल्या, "किसणीनं काकडी चेंगरते, पोरी. सुरीनं कापली जाते." चेंगरली की पाणी तिथेच सुटतं, मीठ पडण्याआधीच.

"नात सांगत होती, काकडीत १०० तले ९५ पाणीच असते. पुस्तकात हाय तिच्या," त्या म्हणाल्या. "मंग आपुन करतो काय? ते ९५ सांभाळतो."

नंतर दिवसभर हा आकडा त्यांच्या तोंडी येत राहिला. शेंगदाणे भाजून, पाखडून जाडसर कूट केलं, तेव्हा म्हणाल्या, बारीक केलं तर तेल सुटते आणि ९५ धरून ठेवाले कोणी राहत नाही. कोरडं, जाडसर कूट सुटलेलं पाणी शोषून घेतं आणि सगळं एकजीव ठेवतं. त्यात चिमूटभर भाजलेल्या जवसाचं कूटही त्या घालतात. परदेशी सॅलडवर तेल आणि आंबट घुसळून जे ओततात, त्याचं काम इथे कूट, लिंबू आणि तुपाची फोडणी मिळून करतात.

तूप तापलं, जिरं तडतडलं, हिंग आणि मिरचीचे तुकडे पडले. तो वास मी नांदेडलाही हजारदा घेतला आहे. तरी त्या दुपारी गार काकडीच्या हिरव्या वासाशेजारी तो उठला आणि मी हातातली वही खाली ठेवली. अजूनही कुठे जिऱ्याची फोडणी पडली की मला ते स्वयंपाकघर आठवतं, ओलं फडकं लावलेली खिडकी आणि ओट्यापाशी उभ्या मावशी. फोडणी त्यांनी लगेच ओतली नाही. पळी बाजूला ठेवून निवू दिली. कढत तुपानं काकडी मऊ पडते.

दुपारी शेजारच्या तेलुगू काकू आल्या. त्यांच्याकडे हीच कोशिंबीर दह्यातली केली की 'पेरुगु पच्चडि' होते. पेरुगु म्हणजे दही. तेलुगूत 'पच्चि' म्हणजे कच्चं, हिरवं. आपल्याकडे कच्च्या भाज्या चिरून करतात ती पचडी त्याच कुळातली वाटते. पाडव्याला मावशींच्या दारी गुढी उभी राहते, तेव्हा या काकूंकडे उगादीची पच्चडि होते. कैरी, चिंच, गूळ, कडुनिंबाचा मोहोर, मीठ आणि तिखट, सहाही चवी एका वाटीत. ती वाटी भिंतीपलीकडून इकडे येते आणि इकडून पुरणपोळी जाते. मावशींच्या सासूबाईंच्या काळापासून हे चालू आहे. सासूबाई या घरात आल्या तेव्हा आदिलाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ मध्ये तेलंगणात. घर मात्र जागचं हललं नाही. पोरांच्या शाळेची भाषा बदलली, कचेरीची बदलली, स्वयंपाकघरातली मराठी तेवढी टिकली. ती टिकवायला कोणी ठराव केला नव्हता. रोज कोणीतरी ओट्यापाशी उभं राहून 'कोशिंबीर झाली का' असं विचारत राहिलं, म्हणून ती टिकली.

शब्दांचंच निघालं म्हणून, त्या परदेशी सॅलड या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं मीठ आहे, 'साल'. सॅलड म्हणजे खारवलेलं. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या जरा विचारात पडल्या. म्हणाल्या, "मीठ तं पाह्यजेच. पण कवा टाकाचं, हे बी पाह्यजे ना." मीठ पडलं की ते काकडीच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढायला लागतं. साखरेचंही तसंच, म्हणून चिमूटभर साखरही मिठासोबतच, शेवटी.

एक वाजता पानं मांडली. काकडी, कूट, सांबार, लिंबू, कैरीचा कीस, निवलेली फोडणी, सगळं परातीत तयार, पण कालवलेलं नाही. मावशी मिठाची वाटी हातात घेऊन उंबऱ्याशी उभ्या. आत येऊन कोणी हात धुतो का, कोणी फोनवर बोलत बसतो का, त्या पाहत होत्या. मुलगा बसला, नात बसली, शेजारच्या काकू बसल्या. "बसले सगळे?" असं विचारून त्या वळल्या, मीठ-साखर टाकली, दोन बोटांनी हलकेच वर-खाली केलं आणि वाढलं. मिनिटभराचं काम. पण त्या मिनिटासाठी त्यांना उभंच राहावं लागतं. जेवणातला सगळ्यात ताजा पदार्थ तोच माणूस करतो, ज्याला सगळ्यांच्या शेवटी बसायचं असतं.

त्या जेवायला बसल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. परातीत उरलेल्या कोशिंबिरीला पाणी सुटलं होतं. कूट भिजलं होतं, काकडी नरमली होती. मावशींनी ते पाणी भाकरीच्या तुकड्यानं टिपलं आणि चवीनं खाल्लं. "यातच सारं उतरते, लिंबू, जिरं, मिरची," त्या म्हणाल्या. त्यांना ते खरंच आवडतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी मला विचारावंसं वाटलं, "मावशी, कुरकुरीत कोशिंबीर शेवटची कधी खाल्ली?" त्यांनी आठवून पाहिलं. उत्तर दिलं नाही. ताट उचलून मोरीकडे गेल्या.

रात्री मी एक काकडी घेऊन बसले. मला चोचवता येत नाही, घाव वाकडे पडतात, दाणे लहानमोठे होतात. अर्धा तास लागला. भाकरी, भाजी वाढून मावशींना आधी बसवलं आणि त्यांनी पहिला तुकडा मोडल्यावर परातीत मीठ टाकून कालवलं. त्यांनी घास घेतला. खोलीत पंख्याच्या घरघरीवरही तो आवाज ऐकू आला, कुरकुर.

"मीठ कमी हाय वं," त्या म्हणाल्या.

मी वाटी पुढे केली. त्यांनी चिमूटभर वरून भुरभुरलं आणि एरवी पानातलं अर्धं नातीच्या ताटात सरकवणाऱ्या मावशींनी ती कोशिंबीर एकटीनं संपवली.