एआय एजंटला कसं कळतं की मराठीत अनुवाद होतो की नाही? समजून घ्या 'भाषांची यादी' देणारं टूल

गाडीच्या नंबर प्लेटवर 'एमएच' दिसलं की गाडी महाराष्ट्राची, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण हेच 'एमएच' अनुवाद करणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगितलं तर? त्याच्या लेखी एमएच म्हणजे मार्शलीज, म्हणजे प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरची भाषा! मराठीचा कोड आहे 'एमआर'.

कोकणीचा घोळ तर आणखी मोठा. अंदाजानं 'केओ' टाकलं तर ती निघते कोरियन आणि 'केएन' टाकलं तर कन्नड.

तुम्ही-आम्ही ॲपमध्ये यादीतून 'मराठी' निवडतो, त्यामुळे या कोडशी आपला कधी संबंध येत नाही. पण आता हे काम एआय एजंट करायला लागलेत आणि त्यांना अंदाज लावून चालत नाही. म्हणूनच त्यांच्यासाठी एक साधं टूल असतं. ते फक्त एकच गोष्ट सांगतं: कोणकोणत्या भाषांत अनुवाद होऊ शकतो.

एजंट म्हणजे काय आणि टूल म्हणजे काय?

चॅटबॉट उत्तर देतो, एजंट काम करतो. "ही इंग्रजी नोटीस मराठीत करून सोसायटीच्या ग्रुपसाठी मेसेज तयार कर," असं सांगितलं की एजंट फाइल उघडतो, अनुवाद करून घेतो, मेसेज लिहितो. यातल्या प्रत्येक कामासाठी तो बाहेरच्या सेवांची मदत घेतो. ही मदत म्हणजेच टूल.

अशी टूल्स एजंटला जोडण्याची एक सामायिक पद्धत आहे, 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', थोडक्यात एमसीपी. अँथ्रॉपिक कंपनीनं ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आणली. त्यात प्रत्येक टूलचं नाव, ते काय करतं याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची, हे सगळं एजंटला वाचता येतं.

यादीचं टूल नेमकं काय करतं?

खानावळीत बसल्यावर आपण आधी विचारतो, "आज भाजी काय आहे?" मग ऑर्डर देतो. एजंटही तेच करतो:

१. आधी यादीचं टूल वापरून भाषा विचारतो.
२. टूल प्रत्येक भाषेचं नाव आणि कोड परत देतं.
३. एजंट तुमच्या 'मराठीत कर'ची 'एमआर'शी जोडी लावतो.
४. मग तो कोड आणि मजकूर अनुवादाच्या टूलला देतो.

बऱ्याचदा ज्या भाषेतून अनुवाद करायचा आणि ज्या भाषेत करायचा, त्यांच्या याद्या वेगळ्या असतात. डीपएल या सेवेत मूळ मजकूर नुसता 'इंग्रजी' असला तरी चालतो. पण अनुवाद इंग्रजीत हवा असेल तर ब्रिटिश की अमेरिकन, हा पर्यायही असतो.

पण एजंटला हे पाठ का नसतं?

कारण यादी बदलत राहते आणि एआय मॉडेलचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं.

डीपएल २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथं फक्त ७ भाषा होत्या, सगळ्या युरोपातल्या. गूगल ट्रान्सलेटनं मे २०२२ मध्ये एकदम २४ भाषा वाढवल्या. त्यात कोकणी, भोजपुरी, मैथिली आणि संस्कृत होत्या. जून २०२४ मध्ये आणखी ११० आल्या, त्यात मारवाडी, अवधी आणि तुळू. जुन्या माहितीवर विसंबलेला एजंट "कोकणी नाही" असं ठामपणे सांगेल किंवा जी भाषा नाही ती आहे असं समजून पुढं जाईल.

शिवाय एकाच भाषेला एकाहून जास्त कोड असू शकतात. कोकणीचा व्यापक कोड 'केओके', तर गोव्याच्या कोकणीचा 'जीओएम'. यातला कोणता चालेल, हे ती सेवाच सांगू शकते.

यादीत भाषा नसेल तर?

खरा प्रश्न इथं आहे. अहिराणीला आंतरराष्ट्रीय यादीत 'एएचआर' हा स्वतंत्र कोड आहे, वऱ्हाडी-नागपुरीला 'व्हीएएच' आहे. पण कोड असणं वेगळं आणि एखाद्या अनुवाद सेवेच्या यादीत असणं वेगळं. भाषा यादीत नसेल तर चांगला एजंट थांबतो आणि तसं सांगतो. वाईट एजंट गुपचूप प्रमाण मराठी किंवा हिंदी देतो आणि 'काम झालं' म्हणतो. ज्याला ती भाषा येत नाही, त्याला हे कळतही नाही.

यादीत आहे म्हणजे अनुवाद चांगला?

अजिबात नाही. यादी फक्त 'आहे' किंवा 'नाही' सांगते, मार्क देत नाही. २०२२ मधल्या त्या २४ भाषांसाठी गूगलनं अनुवादाच्या जोड्या न वापरता, फक्त त्या-त्या भाषेतला मजकूर वाचून शिकणारं तंत्र वापरलं होतं. हे तंत्र परिपूर्ण नाही, असं कंपनीनंच सांगितलं होतं. तरी यादीत फ्रेंच आणि कोकणी शेजारी-शेजारी सारख्याच दिसतात.

मग आपण काय करायचं?

एजंटकडून अनुवाद करून घेताना ३ गोष्टी विचारा: कोणती सेवा वापरली? भाषेचा कोड कोणता दिला? माझी भाषा त्या यादीत आहे, हे तपासलं का?

आणि औषधाचा डोस, कोर्टाची नोटीस, जमिनीचा कागद असं काही असेल तर दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला एकदा वाचायला द्या. "दिवसातून दोनदा" आणि "दोन दिवसांतून एकदा" यातला फरक यादी तपासून कळत नाही.