निरांजनाचे तूप आणि पंचामृताचे तूप

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की घरोघरी पूजासाहित्याची यादी निघते. कापूर, वाती, अष्टगंध, जानवे... आणि या यादीत तूप दोनदा येते. एकदा निरांजनासाठी, एकदा पंचामृतासाठी. लोणी घरीच कढत असे तेव्हा दोन्ही तुपे एकाच बरणीतून निघत. आता ‘पूजेचे तूप’ या नावाची निराळी डबी दुकानात मिळते. वेष्टनावर गाईचे, क्वचित देवाचेही चित्र असते. परंतु पुष्कळदा हे तूप केवळ दिव्यासाठी असते, खाण्यासाठी नव्हे.

पंचामृत देवाच्या स्नानाचे खरे. पण अखेर ते तीर्थ म्हणून सर्वांच्या तळहातावर येते. लहान मूल तर पुन्हा हात पुढे करते! म्हणूनच डबीवरील एक खूण आम्ही वाचकांच्या निदर्शनास आणू इच्छितो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी पूजेचे तूप, दिव्याचे तेल अशा न खाण्याच्या वस्तूंसाठी काळ्या चौकटीत काळी फुली ठरवून दिली आहे. ही फुली दिसली, तर ते तूप पंचामृतात जाता कामा नये.

शाकाहाराचा हिरवा ठिपका शाळकरी मुलेही ओळखतात. मात्र तो पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. तो शुद्धतेची ग्वाही देत नाही, किंवा हरितालिकेच्या उपवासाला चालेल असेही सांगत नाही. त्यासाठी घटकांची यादीच वाचावी लागते. जो घटक वजनाने अधिक, तो तीत आधी लिहिलेला असतो. शेतमालाची प्रत दाखविणारी ‘अॅगमार्क’ची मोहोर याहून जुनी, १९३७ च्या कायद्याची.

येथे आमची एक तक्रार आहे. लेबलावरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियमाचे समाधान होते, मराठी ऐच्छिक. ज्या आजीबाई घरची पूजा मांडतात, त्यांनी बारीक इंग्रजी अक्षरे कशी वाचावीत? त्यांना आधार तो या खुणांचाच, आणि फुलीची ओळख त्यांना कोणी करून दिलेली नाही.

सुट्या पेढ्यांना तर वेष्टनच नाही. तरीही १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या थाळीपाशी ‘कधीपर्यंत उत्तम’ ही तारीख लावण्याचा दंडक झाला होता. खव्याचे पेढे घेताना ती पाहावी. न दिसल्यास दुकानदारास विचारण्यात संकोच कसला?

पूजेच्या घाईत तूप चांदीच्या वाटीत काढले जाते व रिकामी डबी केरात जाते. तिच्याबरोबर फुलीही जाते. वाटीतले तूप कोणते, हे मग कोणासच सांगता येत नाही. तेव्हा पंचामृताचे तूप आधी काढावे, आणि निरांजनाची डबी आरती होईपर्यंत तशीच, फुलीची बाजू समोर करून, समईशेजारी ठेवावी.