हातमोज्याची तळहाताकडची बाजू

मोटरसायकलवरून पडताना हात सर्वांत आधी पुढे येतो. तो कुणी ठरवून पुढे करत नाही. तोल गेला की बोटे फाकतात, मनगट मागे मुडपते आणि तळहाताचा मनगटाकडचा फुगीर भाग डांबरावर आपटतो. हातमोज्याला 300 रुपये मोजावेत की 15,000, याचे उत्तर तळहाताच्या त्या दोन-तीन इंच जागेत शोधावे लागते. दुकानात मात्र नजर जाते ती वरच्या बाजूला, मुठीवर बसवलेल्या चकचकीत कवचाकडे.

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारा माणूस कोरड्या डांबरावर पडला, तर थांबेपर्यंत साधारण तीन सेकंद आणि वीस-पंचवीस मीटर घसरत जातो. एवढ्या अवधीत उघड्या हाताची कातडी सोलून निघते. पण सोलवटणे हा निम्मा धोका झाला. चामडे किंवा रबर रस्त्याला घट्ट धरते तेव्हा हात जागीच अडकतो, अंग पुढे जात राहते आणि सगळा भार मनगटावर येतो. म्हणून चांगल्या हातमोज्यात तळहाताच्या या फुगवट्यावर कडक, गुळगुळीत प्लॅस्टिकची चकती बसवलेली असते. तिला पाम स्लायडर म्हणतात. तिचे काम हाताला घसरू देण्याचे आहे. हा छोटासा तुकडा उत्पादनात फार महाग पडत नाही. तरीही स्वस्त हातमोज्यांत तो बहुधा नसतो, किंवा त्याच जागी नुसता फोमचा मऊ गोळा असतो.

मनगटात आठ छोटी हाडे आहेत. त्यांपैकी अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्कॅफॉइड हे हात टेकून पडणाऱ्यांत सर्वाधिक मोडते. नावेसारख्या आकारावरून त्याला हे ग्रीक नाव मिळाले. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते आणि तिथून ते कोपराच्या दिशेने मागे जाते. हाड मधोमध मोडले की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटतो. त्यामुळे ते जुळायला अनेक आठवडे, कधी महिने लागतात. काही वेळा तो तुकडा निकामी होतो. पहिल्या एक्स-रेमध्ये ही मोड दिसेलच असेही नाही. मुरगळले असेल म्हणून शेक देत बसलेल्या माणसाचे मनगट पुढे कायमचे दुखरे होते. लिहिणाऱ्या, शिवणाऱ्या, पाना फिरवणाऱ्या हाताचे नुकसान नुसत्या दवाखान्याच्या बिलात मोजता येत नाही.

एक स्वस्त आणि एक महाग हातमोजा शेजारी ठेवून उलटे केले की फरक हाताला लागतो. स्वस्तातल्याची शिवण एकेरी, टाके लांब; अस्तर फक्त बोटांच्या टोकांशी धरलेले. तळहाताला पातळ रेक्झिन किंवा जाळीदार पॉलिएस्टर, आणि हे घर्षणाने तापले की वितळून कातडीला चिकटते. चांगल्या हातमोज्यात तळहाताला चामड्याचा दुसरा थर, जिथे ताण येतो तिथे दुहेरी शिवण आणि करंगळीच्या बाहेरच्या कडेला वेगळा तुकडा लावलेला असतो. काहींत करंगळी आणि अनामिका चामड्याच्या छोट्या पट्टीने जोडलेल्या असतात, कारण घसरताना एकटी करंगळी रस्त्यावर अडकून बाहेर पिळली जाते. बोटे आधीपासून किंचित वळवून शिवलेली असतात. अशा जोडीत तुकडे अनेक, कापणी बारीक आणि मजुरी जास्त. किमतीचा मोठा भाग इथे खर्च होतो, आणि तो योग्य ठिकाणी खर्च होतो.

हे पारखायला एक मानक हाताशी आहे. युरोपातील ईएन 13594 या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत दोन पातळ्या आहेत. फिरत्या खरखरीत पट्ट्यावर टेकवल्यावर तळहाताच्या थराने पहिल्या पातळीसाठी सरासरी 4 सेकंद आणि दुसरीसाठी 8 सेकंद टिकावे लागते. शिवणीची ताकद आणि मनगटाच्या पट्ट्याची पकडही तपासली जाते. मुठीच्या कवचाची चाचणी उत्तीर्ण झाली असेल तर लेबलवर केपी ही अक्षरे असतात. भारतात हेल्मेट सक्तीचे आहे, हातमोजे नाहीत. म्हणून आतल्या शिवणीतले हे कापडी लेबल वाचण्याची सवय ग्राहकानेच लावून घ्यायला हवी.

त्यापुढची किंमत चामड्याची. गाईचे चामडे जाड आणि टिकाऊ, शेळीचे मऊ. कांगारूचे त्याहून पातळ असूनही ताकदीचे, कारण त्यातले तंतू पृष्ठभागाला समांतर रचलेले असतात. शर्यतीत पातळ चामड्यातून क्लचचा दांडा बोटांना नीट जाणवतो. कचेरीला रोज दहा किलोमीटर जाणाऱ्याला त्या फरकासाठी दहा-बारा हजार जास्त देण्याचे कारण नाही.

पावसाळ्याचे वेगळे आहे. ताम्हिणीत किंवा आंबोलीत तासभर भिजलेले चामडे जड आणि निसरडे होते. जलरोधक पडदा असलेल्या स्वस्त हातमोज्यात ओला हात बाहेर ओढला की अस्तर बोटांबरोबर उलटे बाहेर येते, आणि पुन्हा आत बसवता बसवता दुसरा पाऊस येतो. पडदा दोन्ही बाजूंनी चिकटवलेला असेल तर हे होत नाही. इथे जास्त पैसे देणे पटते.

पण सगळे चामडे आणि सगळी कवचे, हातमोजा हातात राहिला तरच उपयोगाची. पट्टा आवळून मूठ सैल सोडावी आणि दुसऱ्याला बोटांची टोके धरून ओढायला सांगावे. हातमोजा निसटला तर तो रस्त्यावरही निसटेल, मग तो कितीही रुपयांचा असो. हँडल धरल्यावर टोकाशी रिकामी जागा उरू नये आणि तळहातावर चुणी पडू नये. चुणीने तासाभरात फोड येतो आणि तो हातमोजा पुढे डिकीतच राहतो. हिशेब करायचा तर शहरात आणि घाटात फिरणाऱ्याला तीन ते पाच हजारांच्या आसपास ही बहुतेक सगळी गरज भागवणारी जोडी मिळते. 300 वरून इथवरची उडी प्रत्येक रुपयाला सार्थ आहे. त्यापुढे वजन, स्पर्श आणि नाव यांचे पैसे पडतात. लांबचे प्रवास करणाऱ्याला किंवा ट्रॅकवर चालवणाऱ्यालाच ते वसूल होतात.

घामातले मीठ चामड्याला कडक करते. हातमोजे सावलीत वाळवावेत, गरम सायलेन्सरवर नव्हे. कोकणात जूनपासून त्यांना बुरशी धरते, म्हणून बंद डिकीत ठेवू नयेत. तळहाताची शिवण उसवली तर कोपऱ्यावरच्या मोच्याकडून साध्या सुती दोऱ्याने शिवून घेऊ नये. तो दोरा रस्त्यावर पहिल्या फटक्यात झिजतो. जाड नायलॉनचा किंवा केव्हलारचा दोरा आपण नेऊन द्यावा आणि शिवण दुहेरी मारून घ्यावी. एकदा जोरात पडल्यावर स्लायडर तडकला असेल किंवा खालचा थर दिसू लागला असेल, तर ती जोडी बदलावी.