अजिंठ्यांतील युद्धनौका व तिची लांकडी प्रतिकृति

सुटीच्या दिवशीं लांकडी युद्धनौकांच्या लहान प्रतिकृति करणारे हौशी लोक बहुधा विलायती नमुने पुढें ठेवितात. त्यांस आम्ही सोयगांव तालुक्यांतील अजिंठ्याच्या लेण्यांकडे बोलावूं इच्छितों, मग समुद्र तेथून कितीही दूर असो.

लेणें २ मधील तीन डोलकाठ्यांची, रांजण भरलेली नौका प्रसिद्धच आहे; पण ती व्यापारी. लढाऊ नावा दिसतात त्या लेणें १७ मधील सिंहलाच्या स्वारींत. तेथें नावांत हत्ती, घोडे व भालेकरी उभे आहेत. ह्या लेण्यांतील शिलालेख वाकाटक हरिषेणाच्या कारकीर्दीचा, म्हणजे इसवी सनाच्या ५ व्या शतकाच्या उत्तरार्धांतला. मात्र हत्तींच्या मानानें नाव फारच आंखूड काढिली आहे. तें प्रमाण लांकडांत जसेंच्या तसें उतरविल्यास नाव उलटेल! चित्र हा आकाराचा पुरावा होय, मापाचा नव्हे.

जोडणीविषयीं तर चित्र मुकेंच आहे. पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्यानें शिवण्याची जुनी चाल होती. तिच्या व अजिंठ्याच्या चित्राच्या आधारें गोव्यांत बांधलेली ‘कौंडिण्य’ नौका २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें नौदलांत दाखल झाली. मूळ आराखडा नसल्यामुळें तिच्या लहान प्रतिकृतीची परीक्षा मद्रासच्या आय. आय. टी.च्या तज्ज्ञांच्या साह्यानें पाण्यांत घेण्यांत आली.

आमची सूचना इतकीच, कीं खिळे वर्ज्य करावे. आणि चित्रांत दिसतो तो भाग सागवानी, अनुमानाचा भाग आंब्याच्या लांकडाचा करावा, म्हणजे पाहणाऱ्याची फसगत होणार नाहीं.